वर्धा नदी सरहद्द कशी झाली?

वर्धा जिल्ह्याचा नकाशा पाहिला तर त्याची पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची कड एका वाकड्यातिकड्या रेषेने आखलेली दिसते. ही रेषा म्हणजे वर्धा नदी. अलीकडे आर्वी, पुलगाव, हिंगणघाट. पलीकडे अमरावती आणि यवतमाळ हे जिल्हे. अलीकडचा मुलूख नागपूर महसुली विभागात, पलीकडचा अमरावती विभागात. शाळेच्या भूगोलात अशा सीमेला नैसर्गिक सीमा असे नाव दिलेले असते, आणि नाव दिले की विचारही तेथेच संपतो. पाणी वाहते म्हणून सीमा झाली, एवढे समजून घेऊन विद्यार्थी आणि पुढे तोच विद्यार्थी झालेला कार्यकर्ताही समाधान मानतो.

वास्तविक या नदीत सीमा ठरण्यासारखे निसर्गाने काहीच ठेवलेले नाही. दोन्ही काठांवर तीच काळी माती, तोच कापूस आणि तीच तूर आहे. सोयरिकी नदी ओलांडून होत आल्या आहेत. पश्चिम काठावरच्या कौंडण्यपूरला रुक्मिणीचे माहेर मानले जाते, आणि तेथे कार्तिकात जमणाऱ्या भाविकांत आर्वीकडची माणसे परकी म्हणून येत नाहीत. इतिहासही वेगळे सांगत नाही. अकबराच्या काळात ‘आइन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या ज्या सरकारांची नोंद झाली त्यांत पवनार हे एक सरकार होते. धाम नदीकाठचे हे पवनार वर्धा नदीच्या पूर्वेला आहे. पुढे विनोबांच्या आश्रमामुळे देशाला माहीत झालेले हे गाव एका काळी वऱ्हाडातच मोजले जात होते. मोगलांना ही नदी सीमा वाटली नव्हती. मग ती सरहद्द केली कोणी, कशासाठी, आणि त्या सरहद्दीने काठावरच्या शेतकऱ्याचे काय केले, हे प्रश्न केवळ इतिहासाच्या अभ्यासकांचे नाहीत. झुडपी जंगलाच्या जमिनीवर तीन पिढ्या राहिलेल्या भूमिहीनाला आज जी नोटीस येते तिचा एक धागा थेट त्या सरहद्दीपर्यंत जातो.

अठराव्या शतकात वऱ्हाडात जी राज्यव्यवस्था होती तिला दोअमली म्हणत. मुलूख नावाने निजामाचा, पण चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या हक्काने वसुलाचा मोठा वाटा नागपूरकर भोसल्यांचा. एकाच परगण्यात दोघांचेही अंमलदार फिरत. या व्यवस्थेत राज्य म्हणजे जमिनीवर ओढलेली रेघ नव्हती. राज्य म्हणजे पिकावरचा वाटा होता, आणि एकाच पिकावर दोन वाटे असू शकत. रयतेच्या दृष्टीने ही पद्धत चांगली होती असे मुळीच नाही. दोन धन्यांचा चाकर व्हावे तशी तिची अवस्था होती. पण हद्द कोठे संपते हा प्रश्न त्या काळच्या पाटलाला पडत नसे. वसूल कोणाला किती द्यायचा, एवढाच प्रश्न त्याला पडे.

इंग्रजांना ही गुंतागुंत नको होती. १८०३ च्या सप्टेंबरात असई येथे, नोव्हेंबरात आडगाव येथे भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ रोजी, देवगाव येथे तह झाला. दुसऱ्या रघूजी भोसल्याला कटक प्रांत सोडावा लागला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील सारा मुलूख सोडावा लागला. निजामाबरोबर वाटून घेतलेल्या वसुलावरचा हक्कही गेला. तहात सरहद्दीचे जे वर्णन आहे ते मासलेवाईक आहे: डोंगरातून नदी बाहेर पडते तेथपासून ती गोदावरीला मिळेपर्यंत वर्धा नदी ही भोसल्यांची पश्चिम सरहद्द. आता वर्धा नदी त्या नावाने गोदावरीला मिळतच नाही. ती वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. ज्या नदीच्या आधाराने दोन राज्यांची वाटणी होत होती ती शेवटी कोठे जाते याकडे तह लिहिणाऱ्यांनी पाहिले नव्हते, आणि त्यांना पाहण्याचे कारणही नव्हते. मोजणी नाही, नकाशा धड नाही, गावांची यादी नाही, अशा वेळी कागदावर एका शब्दात लिहिता येईल अशी एकच गोष्ट हाताशी असते, ती नदी. नदी निवडली जाते ती तिच्या सोयीमुळे. ती माणसांना वेगळे करते म्हणून नव्हे.

त्यातही अपवाद ठेवावा लागलाच. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले भोसल्यांकडे राहिले आणि त्यांच्या लगतचा चार लाख रुपये वसुलाचा मुलूखही राहिला. म्हणजे नदीच्या पश्चिमेला, निजामाच्या पोटात, भोसल्यांचा एक तुकडा. अशा तुकड्याचा आकार ठरवताना डोंगर, जंगल, बोली यांपैकी कशाचाही विचार झाला नव्हता. मोजमाप फक्त रुपयांचे होते. चार लाख भरेपर्यंत गावे मोजायची आणि भरले की थांबायचे. नदीपलीकडचा उरलेला मुलूख इंग्रजांनी स्वतःकडे ठेवला नाही, तो १८०४ मध्ये निजामाच्या पदरात टाकला. मित्राला बक्षीस मिळाले, शत्रूचे पंख कापले गेले आणि कारभाराचा खर्च वाचला. पुढे १८१८ नंतर किल्ल्यांचा तो मुलूख भोसल्यांच्या हातून गेला, आणि १८२२ च्या तहाने निजामाने नदीच्या पूर्वेचे सोडावे, पश्चिमेचे घ्यावे, असे ठरून रेघ साफ करण्यात आली. आज नैसर्गिक वाटणारी सीमा ही अशी एकोणीस वर्षांत, दोन-तीन हिशेबांत तयार झालेली आहे.

जगातल्या विचित्र आकाराच्या सरहद्दींचा शोध घेतला तर बहुतेक ठिकाणी असाच एखादा हिशेब सापडतो. पश्चिम आफ्रिकेतील गँबिया हा देश म्हणजे एका नदीच्या दोन्ही काठांची चिंचोळी पट्टी. इंग्रज आणि फ्रेंच यांनी १८८९ मध्ये आपसांत ठरवले आणि त्या पट्टीभोवती सेनेगल उरला. फार दूर जाण्याचेही कारण नाही. दमणजवळचा नगर हवेली हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला तो मराठ्यांच्याच हातून. मराठी आरमाराने त्यांच्या ‘सांताना’ नावाच्या जहाजाचे नुकसान केले, त्याच्या भरपाईखातर पेशव्यांनी १७७९ च्या तहान्वये काही गावांचा वसूल देण्याचे कबूल केले आणि १७८३ मध्ये तो दिला. वसूल दिला होता. सार्वभौमत्व पोर्तुगीजांनी मागाहून त्यात भरले. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये गोमंतकीय आणि महाराष्ट्रीय स्वयंसेवकांनी दादरा आणि नगर हवेली मुक्त केली, तेव्हा पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि एका जहाजाच्या भरपाईचा कागद जगापुढे उलगडला गेला. १९६० च्या निकालात न्यायालयाने मूळ मराठी देणगी ही वसुलाची होती, सार्वभौमत्वाची नव्हे, हे नोंदवले; नंतर इंग्रजी अमलात पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व गृहीत धरले गेले हेही नोंदवले; पण सैन्य आणि शस्त्रे नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाकारला. दादरा आणि नगर हवेली यांच्यामध्ये आजही गुजरातची जमीन आहे. नकाशावरचे हे ठिगळ जहाजाच्या दुरुस्तीचे बिल आहे असे म्हटले तर ते थट्टेचे ठरणार नाही.

कूचबिहारची कथा अधिक दुःखद आहे. कूचबिहारचे राजे आणि मोगल यांच्यातल्या जुन्या तडजोडींमुळे एकमेकांच्या मुलखात अडकून राहिलेली गावे १९४७ नंतर दोन देशांत गेली. बांगलादेशात भारताची १११ आणि भारतात बांगलादेशाची ५१ अशी ही छीटमहाले होती. तेथील माणसांना शाळा नव्हती, दवाखाना नव्हता, मतदानही नव्हते. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री त्यांची अदलाबदल झाली. पाऊण शतकाच्या जवळपास हजारो माणसे एका जमीनदारी हिशेबाच्या चुकीने देशाविना राहिली.

वर्धेच्या काठावर असा देशाविना राहण्याचा प्रसंग आला नाही. येथे जे झाले ते कमी दिसणारे होते, म्हणून अधिक टिकले.

१८५३ मध्ये कंटिंजंट फौजेच्या खर्चाची थकबाकी दाखवून इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाडचा कारभार काढून घेतला. त्याच वर्षअखेर नागपूरचा तिसरा रघूजी औरस वारसाविना वारला आणि पुढच्या वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. आता नदीच्या दोन्ही काठांवर एकच धनी होता. रेघ पुसायची तर हीच वेळ होती. ती पुसली गेली नाही. पूर्वेकडे १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला, त्यात १८६२ मध्ये नागपूरपासून तोडून वर्धा जिल्हा करण्यात आला, आणि त्याला नावही सरहद्दीच्याच नदीचे मिळाले. पश्चिमेकडचे वऱ्हाड मात्र हैदराबादच्या रेसिडेंटाच्या देखरेखीखाली राहिले. कायद्याच्या भाषेत तो परका मुलूख होता. मालक निजाम, इंग्रज केवळ कारभारी. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा तेथे आपोआप लागू होत नसे, तो वेगळ्या हुकमाने लावावा लागे. १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी नागपूरला पोहोचली तेव्हा पुलगावजवळच्या पुलावरून पश्चिमेकडे जाणारी कापसाची गासडी कायद्याने परदेशात शिरत होती आणि पुन्हा ब्रिटिश मुलखात निघत होती. त्या गासडीला त्याची खबर नव्हती, मँचेस्टरलाही नव्हती. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा लिहून घेतला, १९०३ मध्ये कारभार मध्यप्रांताला जोडला, आणि तरीही १९३६ मध्ये निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी देऊन जुन्या मालकीची आठवण जिवंत ठेवण्यात आली.

परंतु पदव्या आणि पट्टे यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट जमिनीच्या दफ्तरात घडली. वऱ्हाडात इंग्रजांनी मुंबई इलाख्याची रयतवारी पद्धत आणली. मोजणी झाली, शेत क्रमांक पडले, आणि जो कसतो तो खातेदार सरकारशी सरळ बांधला गेला. पूर्वेला, मध्यप्रांतात, त्यांनी उत्तर हिंदुस्थानचा कित्ता गिरवला. भोसल्यांच्या काळात गावचा पाटील किंवा मक्तेदार हा वसूल गोळा करून देणारा होता, गावाचा धनी नव्हता. १८६० नंतरच्या बंदोबस्तात त्याला मालगुजार ठरवून गावाची मालकीच देण्यात आली. पडीक, गायरान, तळे, झुडूप हे सारे त्याच्या नावावर गेले. कालचा शेतकरी एका सहीने कूळ झाला. मग कुळांच्या प्रती लागल्या. कोणी मालिक-मकबुजा म्हणून वाचला, कोणाला कब्जेहक्क मिळाले, आणि ज्याच्याकडे काहीच कागद नव्हता त्याची वाट मालगुजाराच्या मर्जीवर राहिली. अठराशे सत्तावन्ननंतर गावोगाव निष्ठावंत धनी असावेत ही त्यामागची राजकीय गरज होती. ती नदीच्या पूर्वेला भासली आणि पश्चिमेला भासली नाही, याचे कारण रयतेच्या स्वभावात शोधू नये. पूर्वेचा मुलूख खालसा झालेला, कायमचा. पश्चिमेचा गहाण म्हणून हाती आलेला, निजामाला हिशेब देणे भाग असलेला. गहाणवटीच्या जमिनीवर नवे मालक कोणी निर्माण करीत नाही.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी या फरकाचे मोजमाप केले आहे. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात इंग्रजी अमलातील जमीनदारी आणि बिगर-जमीनदारी जिल्ह्यांची तुलना केली. जमीनदारी जिल्हे शेतीतील गुंतवणुकीत आणि उत्पादकतेत स्वातंत्र्यानंतरही मागे राहिल्याचे त्यांना आढळले. जमीनदारी कायद्याने संपल्यावर अनेक वर्षांनीही तिचा ठसा राहतो, हा त्या निबंधाचा निष्कर्ष समाजवादी चळवळीने मनावर घेण्यासारखा आहे. मात्र त्यावरून रयतवारीने वऱ्हाडी शेतकरी सुखी झाला असे कोणी काढू लागला तर यवतमाळचे नाव पुरेसे आहे. मालगुजार नव्हता तेथे सावकार होता; खातेदाराला जमीन विकण्याचा आणि गहाण टाकण्याचा हक्क मिळाला आणि त्याच हक्काच्या दाराने जमीन बाहेर गेली. २००६ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर उपाय म्हणून ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली ती सहा जिल्ह्यांसाठी: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा. पाच जिल्हे वऱ्हाडचे, सहावा नदीच्या अलीकडचा. कोरडवाहू कापसाचे दुःख मोजू लागल्यावर सरकारलाही देवगावचा तह बाजूला ठेवावा लागला.

कायद्यातून ही रेघ पुसण्याचे काम स्वातंत्र्यानंतर सुरू झाले, पण ते अर्धवट झाले. जुन्या मध्यप्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपुष्टात आली. (त्याच महिन्यात विनोबा पायी शिवरामपल्लीला निघाले होते, भूदान अजून जन्माला यायचे होते.) मालगुजाराची सीर आणि खुदकाश्त, म्हणजे घरची शेती, त्याच्याकडे राहिली, आणि गावात चांगली जमीन बहुधा तीच असे. बाकी पडीक, झुडूप, तळी सरकारजमा झाली. १९५४ ची जमीन महसूल संहिता १ ऑक्टोबर १९५५ पासून अमलात आली, तेव्हा कोठे दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांना भूमिस्वामी आणि भूमिधारी अशी समान नावे मिळाली. तहापासून एकशे बावन्न वर्षे लागली.

नावे समान झाली, पण सरकारजमा झालेल्या पडिकाची नावे समान झाली नाहीत. पूर्वेच्या जिल्ह्यांत मालगुजारांकडून आलेल्या अशा जमिनीची नोंद दफ्तरात ‘झुडपी जंगल’ अशी पडली. पश्चिमेला वऱ्हाडात चराईच्या तशाच जमिनीला ई-क्लास म्हणतात. दोन्हीकडे तीच बाभूळ, तीच बोर, तीच चरणारी जनावरे. एका दफ्तरात ‘जंगल’ हा शब्द आहे, दुसऱ्यात नाही. ई-क्लास जमीन महसुली राहिली, आणि तिच्यावर कसणाऱ्या भूमिहीनाच्या अतिक्रमणाचा विचार महसूल खात्याच्या आदेशांनी होत आला. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ च्या आणि १९६४-६५ च्या भूमिहीन सत्याग्रहांनी जो प्रश्न सरकारपुढे लावून धरला तो हाच होता. झुडपीवर बसलेल्याला मात्र १९८० चा वनसंवर्धन कायदा आडवा आला. तो ज्या जमिनीवर घर बांधून आहे तिच्यावर झाड नाही, पण कागदावर जंगल आहे.

नागपूर विभागातील नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी जमीन आहे. त्यातील सुमारे ८६ हजार हेक्टर वनव्यवस्थापनाला अयोग्य असल्याचे सरकारनेच ठरवले होते. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच मानले जाईल असा निर्णय दिला, आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींबाबत केंद्राची मंजुरी घेण्याचा मार्ग राज्याला मोकळा ठेवला. पर्यावरणाचा कैवार घेणाऱ्यांनी या निर्णयाचे स्वागत केले, आणि उद्योगांसाठी झुडपी जमीन मोकळी करून मागणाऱ्यांना त्यामुळे चाप बसला असेल तर त्यात वाईट काही नाही. पण १९९६ पूर्वीचा कागद कोणाकडे असतो? ज्याला जमीन वाटून मिळाली त्याच्याकडे. जो नुसताच बसला, ज्याची नोंद तलाठ्याने घेतली नाही, जो पारध्यांच्या बेड्यावर जन्मला, त्याच्याकडे कागद नसतो. नदीपलीकडे त्याच्यासारख्याच माणसाची फाईल तहसीलदाराच्या टेबलावर पडते; अलीकडे तिला दिल्लीपर्यंत जावे लागते.

वेगळ्या विदर्भाची मागणी करणारे आणि तिला विरोध करणारे, दोघेही विदर्भ हे एकसंध ऐतिहासिक क्षेत्र असल्यासारखे बोलतात. १९४७ च्या अकोला करारातही वऱ्हाडचा विचार निराळा करावा लागला होता, हे त्यांनी आठवावे. नव्या राज्याची रेघ कोठे ओढायची यावर जितकी शाई खर्च झाली तिच्या दशांशानेही आतल्या जुन्या रेघेवर झालेली नाही. तीच नदी पुढे राजुऱ्याच्या बाजूने जाते. राजुरा निजामाच्या राज्यातून १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. आणि जिवतीच्या डोंगरातील चौदा गावे कोणत्या राज्याची याचा वाद महाराष्ट्र आणि तेलंगणा यांच्यात चालूच आहे. तेथे दोन्ही राज्यांच्या शाळा आहेत आणि माणसांपाशी दोन्हींची शिधापत्रिका असते. वनजमिनीच्या पट्ट्याची वेळ आली की मात्र दोन्ही राज्ये दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

वर्धा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे सध्या जे काम आहे ते निवेदनांपेक्षा दफ्तरातले अधिक आहे. मालगुजारी संपल्यावर प्रत्येक गावाचे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज तयार झालेले आहे. गावकऱ्यांचे चराईचे, सरपणाचे, वाटेचे, पाण्याचे हक्क त्यात लिहिलेले आहेत. झुडपी म्हणून दाखवलेल्या गट क्रमांकाची १९५१ मधील नोंद काय होती, तेथे वस्ती केव्हापासून आहे, मतदारयादीत आणि शाळेच्या पटावर त्या वस्तीतील नावे १९९६ पूर्वी सापडतात की नाही, हे आर्वी, आष्टी, कारंजा, समुद्रपूर या तालुक्यांत गावनिहाय काढावे लागेल. नकला मिळण्यास वेळ लागतो, आणि राज्य सरकारची केंद्राकडे जाणारी यादी त्याआधी बंद झाली तर मागाहून नाव घालणे कठीण होईल.